उतार बघून मुक्काम

"पोरगी विहिरीत ढकलीन, पण ड्रायव्हरले देणार नाई."

हे वाक्य मी लग्नाच्या वयात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की पुढे पुढे मला वऱ्हाडातल्या विहिरींचीच काळजी वाटायला लागली. अकोल्याच्या एका शेठच्या मालमोटारीवर मी ड्रायव्हर होतो. वरूडची संत्री भरायची, अमरावती, अकोला, खामगाव करत मुंबईच्या बाजारात नेऊन टाकायची आणि येताना मिळेल तो माल आणायचा. माणूस मी वाईट नव्हतो. दारू नाही, पत्ते नाहीत. डोक्याला तेल जरा जास्त लावत होतो आणि गळ्यात रेशमी रुमाल बांधत होतो, तेवढंच. पण मुलीकडचे लोक आधी रुमालाकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे, आणि त्यांतला एखादा म्हातारा विचारायचा, "रातचा मुक्काम कुठी असते, बाप्पा?"

हा प्रश्न मला फार झोंबायचा. कारण मुक्काम हा तर माझा खास विषय. बाकी कशात माझी अक्कल चालत नसेल, पण सकाळी कधी निघायचं, दुपारचं ऊन कुठल्या झाडाखाली काढायचं आणि दिवस मावळताना गाडी कुठे उभी करायची, ह्याचा विचार मी जितका करत होतो तितका सरकारनं पंचवार्षिक योजनेचाही केला नसेल. आणि त्या विचाराबद्दल मला गर्वही होता. गर्व करायला दुसरं काही नव्हतं म्हणा.

आमची गाडी लढाईतून उरलेली होती. कोणत्या सैन्यानं ती वापरली होती कोणास ठाऊक. हरलेल्या बाजूची असावी असा माझा संशय होता. सेल्फ नावाची वस्तू तिच्यात होती, पण शोभेपुरती. इंजिन सुरू करायचं तर पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचं, आणि ते हँडल लाथाळ म्हशीच्या स्वभावाचं. कधी उलटा झटका देईल नेम नाही. म्हणून त्या वेळचे सगळे गरीब गाड्यांचे ड्रायव्हर जी युक्ती करत तीच आम्ही करायचो. मुक्कामाला गाडी उतारावर लावायची, तोंड खाली करून, चाकाला दगड देऊन. सकाळी दगड काढला की गाडी आपोआप घरंगळायची, मग गिअर टाकायचा, आणि इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं. हँडलला हात लावायचं काम नाही.

आता अडचण अशी की वऱ्हाड आहे तव्यासारखा सपाट. कापसाला उत्तम, पण ड्रायव्हरला एक धड उतार मिळेल तर शपथ. इतरांना जशी गावं पाठ असतात तसे मला उतार पाठ होते. मोर्शीच्या अलीकडचा ओढ्याचा उतार, बाळापूरला नदीकडे जाणारा उतार, कुठे बंधाऱ्याची भिंत, कुठे पुलाची चढण. त्यात गाडीचे दिवे असे की एक बाभळीवरची घरटी दाखवायचा आणि दुसरा आपलंच चाक. म्हणजे उजाडल्यावर निघायचं आणि मावळायच्या आत उतार गाठायचा, दुसरा इलाज नाही. वर पाण्याचा प्रश्न. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली होती, पण रस्त्यावरच्या विहिरींनी घेतली नव्हती. कोणत्या गावात पाणी मागितलं की आधी आडनाव विचारतात आणि कोणत्या गावात नुसतं पाणी देतात, हे ध्यानात ठेवूनच उतार निवडावा लागे. बाळापूरच्या पुढे एका सरदारजीचा ढाबा होता. फाळणीत सगळं गमावून आलेला माणूस. तो फक्त रोट्या किती एवढंच विचारायचा. तिथे उतार नव्हता, तरी मी हौसेनं मुक्काम करायचो आणि सकाळी हँडलच्या नावानं बोटं मोडायचो.

माझा क्लीनर म्हणजे माझे चुलत काका. उभी हयात त्यांनी बंडी हाकण्यात घालवली होती, सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे कापूस वाहत. बैल गेले, काकू गेली, तेव्हा ते येऊन माझ्या शेजारी बसले आणि उतरलेच नाहीत. क्लीनरला ड्रायव्हर शिव्या देतो हा ह्या धंद्याचा नियम, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला काय शिव्या देणार? मी म्हणायचो, "काका, रेडिएटरमधे जराक पाणी टाकता काय?" आणि ते म्हणायचे, "टाकतो. बिडी संपू दे." आमच्या गाडीत ड्रायव्हर कोण, हे बाहेरच्याला पटकन कळत नसे.

मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचा रस्ता रेल्वे ओलांडत होता. रूळ भरावावर होते, त्यामुळे रस्ता चढून फाटकापर्यंत जायचा आणि पलीकडे उतरायचा. म्हणजे फाटकाच्या दोन्ही अंगांना झकास उतार, आणि तेवढ्या पट्ट्यात दुसरा एकही नाही. दसरा होऊन गेल्यावर एके दिवशी आम्हाला तिथेच दिवस मावळला. मी फाटक ओलांडून पलीकडच्या उतारावर गाडी लावली, चाकाला दगड दिला आणि जग जिंकल्यासारखा खाली उतरलो. तोच फाटकाचा गेटमन कंदील घेऊन आला.

"ओ टरकवाले! हे काय तुमच्या बापाचं आंगन हाये? घरंगळली तं माह्या रुळावर जाईन, अन् नोकरी माही जाईन!"

मी समजावलं, "मामा, तोंड खाली हाये. घरंगळली तं रुळापासून दूर जाईन."

"रेल्वेत केस पांढरे झाले माहे. घरंगळाचं मले सांगू नको," तो म्हणाला. पण अंधारात आम्हाला हाकलून देण्याइतका तो कठोर नव्हता. उजाडताच गाडी काढायची ह्या अटीवर त्यानं आम्हाला राहू दिलं.

सकाळी मी दात घासत होतो तर फाटकाच्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. तिचे वडील, म्हणजे तो गेटमन, पलीकडचं फाटक लावत होते. ती भरावावर उभी राहून मला म्हणाली, "टरक हालवा. मेल येऊन राहिली." आवाजात विनंती वगैरे काही नव्हती, म्हैस हाकलताना असतो तसा आवाज. मी ताबडतोब दगड काढला, उडी मारून बसलो, गाडी घरंगळली, आणि काय आश्चर्य, पहिल्याच गिअरला इंजिन लागलं. त्या दिवशी मी ज्या रुबाबात निघालो तसा पुन्हा आयुष्यात निघालो नाही. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून मी चांगला मैलभर गेलो. तिथे लक्षात आलं की काका मागेच राहिले.

जागा सपाट, इंजिन बंद करायची सोय नाही, गाडी वळवायला रस्ता अरुंद. मी तिथेच धूर काढत वाट बघत बसलो. काका बऱ्याच वेळानं आले, चालत, मुळीच घाई न करता.

"चहा पेलो त्याइच्या इथी," ते म्हणाले. "आपलेच लोक हायेत. पोट्टी सातवी शिकेल हाये. मी तुह्यं सांगून ठेवलं."

"काय सांगतलं?"

"तू येडा हाये, पण निर्मळ हाये म्हणलं."

अशा शिफारशीवर माझी सोयरीक सुरू झाली. पाहण्याचा कार्यक्रम फाटकाच्या खोलीतच झाला. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून सतरंजीवर बसलो होतो. मुलीचा बाप दोन वाक्यं बोलायचा आणि गाडी यायची वेळ झाली की उठून फाटक लावायला जायचा. आला की मधूनच पुढे सुरू. मुलगी पोहे ठेवून गेली. तिला आई नव्हती; घरात बाप-लेक दोघंच. तिनं माझ्याकडे पाहिलं की नाही मला सांगता येणार नाही, कारण मी पोह्यांकडे बघत होतो. शेवटी तो प्रश्न आलाच.

"रातचा मुक्काम कुठी असते?"

मी ह्या प्रश्नाची वाटच बघत होतो. मी सगळं सांगितलं. वरूडहून पहाटे निघतो, ऊन अमरावतीला कडुलिंबाखाली काढतो, दिवस मावळताना बाळापूरचा नदीचा उतार, दुसऱ्या दिवशी भुसावळकडचा, त्याच्यानंतरचा. उतारांची नावं घेताना मला चेव चढला. काकांनी मला कोपरानं ढोसलं तेव्हा मी थांबलो.

गेटमननं सगळं नीट ऐकून घेतलं. पत्रिका जुळवणं आमच्या लोकांनी सोडून दिलं होतं, तर ह्या गृहस्थानं टाइमटेबल जुळवायला घेतलं. तो म्हणाला, "रेल्वेची मेल मुंबईहून निघते अन् माह्या फाटकात ठरल्या वक्ताले येते. म्हणून तिच्यावर मानसं भरोसा ठेवतात. तुह्या टरकचंही तसंच असन तं पोट्टी देतो. दिवाळीपासून अखजीपर्यंत पाहतो. खेपेले निघताना मले सांगून जायचं, अमक्या दिवशी अमकी गाडी गेल्यावर मी फाटकात येतो, अन् रात्री अमक्या ठिकाणी राहतो. आला तं आला. नाई आला तं राम राम."

राम राम त्याच्या तोंडून जुन्या सवयीनं गेला. त्यानं लगेच "जयभीम" असं दुरुस्त केलं, पण दोन्हींचा अर्थ मला एकच लागला.

माझ्या मुक्कामांची खात्री तो कशी करणार हे मला कळेना. ते लवकरच कळलं. त्या रस्त्यानं जाणारा एकूण एक ट्रक कधी ना कधी त्याच्या बंद फाटकापुढे उभा राहायचा. हा प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचा, रुमालवाला कुठे दिसला, गाडी कशी लावली होती, सोबत कोण होतं? उत्तर मिळेपर्यंत त्याला फाटकाची साखळी सापडत नसे. धुळ्यापर्यंतचे ड्रायव्हर मला ओळखू लागले. बाळापूरच्या उतारावर मी भाकरी खात बसलो की जाणारा एखादा ओरडायचा, "खा, खा! सासऱ्याले सांगतो!" मला तेव्हा कळलं की माझ्यासारख्या माणसाला बिघडायचं असतं तरी आता सोय राहिली नव्हती.

हे सगळं ठीक होतं. पण मी मूळचाच अर्धवट, आणि त्यात लग्नाळू. पहिल्याच खेपेला मी सांगून बसलो, "परवा दुपारची पॅसेंजर गेली की येतो." उशीर होऊ नये म्हणून अमरावतीचा कडुलिंब वगळला, जेवण वगळलं, आणि पॅसेंजरच्या कितीतरी आधी फाटकाजवळ येऊन ठेपलो. कोणी शहाणा माणूस असता तर सरळ जाऊन उभा राहिला असता, चहा मिळाला असता. मी विचार केला की टाइमटेबल म्हणजे टाइमटेबल. लवकर गेलो तर तो म्हणेल, ह्याचं बोलणं एक आणि येणं एक. शिवाय इतकी घाई दाखवणं बरं दिसत नाही. म्हणून फाटकाच्या अलीकडे नाल्याकाठी बाभळीची जाळी होती, तिच्यामागे मी गाडी घातली आणि लपून बसलो. बाभळीच्या फांद्यांतून मला फाटकाची खोली दिसायची, वाळत घातलेली लुगडी दिसायची, कधी ती भरावावर आलेलीही दिसायची. पॅसेंजरचा धूर आभाळात दिसला, फाटकावरून पुढे सरकला, की मी गाडी काढायचो आणि असा काही ऐटीत फाटकात शिरायचो की जसा सरळ वरूडहून सुटलो आहे.

"टाइमावर हाये," गेटमन म्हणायचा. बस, तेवढंच.

मग प्रत्येक खेपेला तेच. उशिरा यायची भीती म्हणून लवकर यायचं, आणि लवकर आलो म्हणून लपायचं. जागा सपाट असल्यानं इंजिन चालू ठेवावं लागे. मागे संत्री तापायची आणि सगळ्या नाल्याला गोड आंबूस वास सुटायचा. मुंबईहून परत येताना तर त्या अंगाला लपायला झाडही नव्हतं. तिकडून मी एखादी बंडी गाठायचो आणि तिच्या मागे तिच्याच चालीनं यायचो.

"बंडीच हाकाची होती तं मले सांगतलं असतं," काका म्हणायचे. "मानसं लग्नासाठी पळतात. तू थांबून राहिला."

"तुमाले नाई समजत, काका."

"नाई समजत बा," ते म्हणायचे आणि ओलं फडकं डोक्यावर घेऊन बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसायचे. मी सावलीतही बसायचो नाही. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून.

असे दिवस जात अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. कापूस केव्हाच संपला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावरं उघडी पडली. वरूडला निघताना फाटकात गेटमननं मला थांबवलं. "या खेपेले टाइमावर आला का गाडी बाजूले लाव अन् खाली उतर. बसून बोलू," तो म्हणाला. खोलीच्या दारात ती उभी होती. ह्या वेळेस तिनं माझ्याकडे पाहिलं, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्यानंतर वरूडपर्यंत कोणता रस्ता लागला ते मात्र सांगू शकत नाही.

परतीच्या दिवशी मी मूर्खपणाची कमाल केली. इतर वेळी जितक्या लवकर यायचो त्याहूनही लवकर आलो. बाभळीमागे गाडी घातली. ऊन असं की कावळासुद्धा उडत नव्हता. उभ्या उभ्या चाललेलं इंजिन तापत गेलं आणि रेडिएटर चुलीवरच्या हंड्यासारखा खदखदायला लागला.

"बंद कर," काका म्हणाले. "नाईतं फुटन."

"सपाट जागा हाये, काका."

"फुटल्यावर उतारावर चालन काय?"

मी बंद केलं. अख्ख्या वऱ्हाडाचे उतार तोंडपाठ असलेल्या माणसानं, आयुष्याचा सवाल असलेल्या दिवशी, परातीसारख्या सपाट जागेत आपल्या हातानं इंजिन बंद केलं. आणि पॅसेंजरचा धूर दिसला तेव्हा हँडल घालून फिरवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा त्यानं उलटा झटका दिला आणि माझं मनगट असं काही बोललं की काकांनाही ऐकू गेलं.

पॅसेंजर आली, फाटकावरून गेली, धूर विरला. मी एका हातात दुसरा हात धरून नाल्यात उभा होतो. मला रडू येत होतं, आणि ते हातासाठी नव्हतं. इतके महिने मी एवढी एकच गोष्ट धरून जगत होतो की त्या फाटकात वेळेवर शिरायचं. ती मुलगी दारात उभी असेल, वाट बघून आत जाईल आणि बाप म्हणेल, बघ, ड्रायव्हर तो ड्रायव्हरच.

"मी जाऊन सांगतो," काका म्हणाले.

"काय सांगता? का इथंच लपून बसेल होता म्हणून?"

"मंग काय सांगू?"

"सांगा का मोर्शीपाशी टायर बसला अन् गाडी तथीच हाये."

"खोटं बोलाचं असन तं तू बोल," काका म्हणाले. "मी क्लीनर हाये." आणि ते जाऊन बॉनेटवर बसले.

मग मी स्वतःच निघालो. पण बाभळीतून सरळ फाटकाकडे गेलो तर बिंग फुटणार. म्हणून मी आधी फाटकाकडे पाठ करून, वावरातून वाकून वाकून मागे गेलो, चांगला लांब, जिथे अमरावतीकडून येणारा रस्ता वळतो तिथपर्यंत. तिथे रस्त्यावर चढलो. शर्टावर थोडी धूळ उडवून घेतली, रुमाल सोडून गळ्यात लोंबू दिला. आणि तिथून पळत सुटलो, मोर्शीहून पळत आलेला माणूस पळेल तसा. बाभळीच्या समोरून जाताना मी तिकडे बघितलंही नाही. काका मात्र बॉनेटवरून माझ्याकडे बघत होते.

फाटकात पोहोचलो तेव्हा मला खरोखरच धाप लागली होती. बाप-लेक दोघंही भरावावर उभे होते. मी सुरू केलं. टायर कसा बसला, दुसरा कसा फाटका निघाला, मी कसा एका बंडीवर, मग एका सायकलवाल्याच्या मागे बसून, आणि शेवटी पायी... गेटमन मन लावून ऐकत होता. मध्ये "अरे अरे" सुद्धा म्हणाला. माझं झाल्यावर त्यानं माझ्या खांद्याला धरलं आणि मला आल्या वाटेकडे तोंड करून उभं केलं.

भरावावरून सगळा मुलूख दिसत होता. उघडी वावरं, नाला, नाल्याकाठची बाभळीची जाळी. आणि त्या काड्यांच्या जाळीमागे, बाजारात मांडून ठेवल्यासारखा, आमचा ट्रक. बॉनेटवर काका. त्यांनी कपाळावर हाताची सावली धरली होती आणि ते आमच्याकडेच बघत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून आपण हसतो. त्या मांजरानं निदान दूध तरी प्यायलेलं असतं.

"दिवाळीपासून पाहून राहिलो आमी," गेटमन म्हणाला. "पहिल्या वक्ताले वाटलं, गाडी बिघडली असन. दुसऱ्या वक्ताले वाटलं, पोटाचा काई त्रास असन. मंग समजलं. मी रेल्वेत लेट गाड्या पाहिल्या, पण टाइमाच्या आंधी येऊन सिग्नलच्या मांगं लपून बसेल गाडी नाई पाहिली."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणालो, "मामा, मी जातो."

"कुठी जातो? गाडी तं बंद हाये," तो म्हणाला. एवढ्यात मालगाडीची वेळ झाली आणि तो झेंडी घ्यायला वळला. जाता जाता म्हणाला, "माह्यं काई नाई. मी आजच हो म्हणणार होतो. पन आता जे मोर्शीचं पुराण सांगतलं, ते आईकल्यावर पोट्टीलेच इचार. खोट्याचा संसार तिले करा लागन."

तो गेला. तिनं माझा हात बघितला. आत गेली, जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन आली आणि मनगटावर बांधायला लागली. चांगली आवळून. मी ओरडलो नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बघितलं.

"त्या बुढ्याले काहून उन्हात बसवता?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "चुकलं."

"अन् बाबाले आता खोटं काहून सांगतलं?"

"भेव वाटलं."

"कशाचं?"

"तुमी नाई म्हणसान याचं."

मालगाडी आली. ती जाईपर्यंत काही बोलता येण्यासारखं नव्हतं. डब्यांमागून डबे जात होते, आणि मी मनात वीस-पंचवीस उत्तरं तयार केली. इंजिन तापतं म्हणून थांबत होतो, संत्री निवायला थांबत होतो, काकांच्या गुडघ्यासाठी थांबत होतो. शेवटचा डबा गेला. ती पट्टीची गाठ मारत होती. खाली बघूनच तिनं विचारलं, "तिथी बसून काय करत होते तुमी? इतका इतका वेळ?"

तयार केलेली सगळी उत्तरं मी मालगाडीबरोबर जाऊ दिली.

"इकडंच पाहत होतो," मी म्हणालो.

तिनं गाठ पक्की केली. मग मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलं.

"मी बी तिकडंच पाहत होती," ती म्हणाली. "मंग एखांद्या वक्ती हात तरी हालवाचा."

ती माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती, आणि मी, मी तिला हात हलवून दाखवला. पट्टी बांधलेला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनंही हलवला.